घरटी वाटीभर पाणी

त्या वर्षी आमच्या गावातली ऑइल इंजिनं एकेक करून गप्प झाली, आणि आमच्या घरात पहिल्यांदा शांतता आली. शांतता फार चांगली असते असं म्हणणाऱ्यांनी एकदा मिस्त्र्याच्या घरात जन्म घेऊन बघावा. अब्बा इंजिनं दुरुस्त करायचे. आसपासच्या कुठल्याही विहिरीवरचं इंजिन रुसलं की लोक ते बैलगाडीत घालून आमच्या दारात आणून टाकायचे. अंगणात फुटफुट सुरू झाली की अम्मी चुलीपुढून ओरडायची, अब्बा शेडमधून ओरडायचे, आणि दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू जायचं नाही. संसार झकास चालला होता. मग विहिरी आटल्या. उपसायला पाणीच नाही म्हटल्यावर इंजिन चालवणार कोण आणि बिघडवणार कोण? अब्बा पत्र्याच्या शेडमध्ये बसून बंद इंजिनं फडक्यानं पुसत राहायचे, आणि अम्मी म्हणायची की पुसून पुसून आता रंग काढाल त्यांचा. ती हे हळू आवाजात म्हणायची, आणि आता सगळं ऐकू यायचं.

त्या वर्षाचे आवाज वेगळेच होते. सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या हातोड्या, दुपारी कोरडा वारा आणि पत्र्याची धडधड, संध्याकाळी टँकर आला की घागरींची आदळआपट. खायला रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी तव्यावर काही केल्या फुगायची नाही, रुसलेल्या सासूसारखी पसरून पडायची. अम्मी तिच्याबरोबर चिंचेचा खट्टा करायची. चिंच कोळायची, त्यात कच्चा कांदा, तिखट, मीठ आणि वरून लसणाची फोडणी. एरवी खट्टा पातळ असतो, भुरकायचा असतो. त्या वर्षी पाणी जपून घालायचं म्हणून तो इतका दाट व्हायचा की जीभ सोलून निघायची. परवा माझी सून म्हणाली, अम्मी, तुमच्या हातचा तसा खट्टा एकदा करा ना. मी म्हटलं, बाई, त्याला दुष्काळ लागतो, तो कुठून आणू? ती हसली आणि नळ सुरू ठेवून कोथिंबीर धूत राहिली. मी उठून नळ बंद केला. ही माझी खोड या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी मला बोलत नाही.

आमच्या गावातून चौसाळ्याच्या हायस्कुलात चालत जाणाऱ्या मुली दोनच होत्या, मी आणि सरू. सरू म्हणजे सरस्वती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. घरात राज्य तिच्या थोरल्या चुलत्याचं, त्यांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. आण्णा सोसायटीचे चेअरमन होते, आणि चेअरमन असल्यासारखे खोकायचे. सरूचे वडील त्यांचे धाकटे भाऊ. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचा आवाज मी तोवर फारसा ऐकलाच नव्हता. थोरला भाऊ बोलत असला की ते जमिनीकडं बघायचे, तो बोलायचा थांबला तरी जमिनीकडंच बघायचे. सरू मात्र वाटेनं अखंड बोलायची. भूमितीचं प्रमेय, बाईंची नवी साडी, मॅट्रिक झाल्यावर बीडला कॉलेजात कुठली बाजू घ्यायची, सगळं. तिला शास्त्र घ्यायचं होतं. मला काय घ्यायचं होतं ते आता आठवत नाही, बहुतेक तिच्या शेजारचा बाक. पायात चपला दोघींत एकीच्याच धड होत्या, तेव्हा अर्ध्या वाटेपर्यंत तिनं घालायच्या आणि पुढं मी. असं ते वर्ष चाललं होतं.

आता सरूची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सरू पायाळू होती. जन्माला येताना आधी पाय आले, मग डोकं. अशा माणसाच्या पायात गुण असतो असं आमच्याकडं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूनं पाय लावायचा, उसण जाते. त्यामुळं झालं काय, की गावातल्या ज्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं, त्याच म्हाताऱ्या सरूपुढं ओसरीवर पालथ्या पडायच्या आणि म्हणायच्या, "दाब गं माय, जरा जोरानं दाब." सरू भिंतीला धरून एक पाय त्यांच्या पाठीवर ठेवायची आणि दुसऱ्या हातात इतिहासाचं पुस्तक धरून पाठांतर करायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यात गंमतही होती, आणि खरं सांगायचं तर मला थोडी भीतीही वाटायची. अब्बा इंजिन चालू करायचे ते मला कळायचं, पण एका पोरीच्या पायानं म्हातारी उठून चालू लागायची ते कळायचं नाही.

पायाळूचा दुसरा गुण जास्त मोठा. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. चांगल्या वर्षात हे कुणाला आठवायचं नाही. पण त्या वर्षी सोसायटीनं सगळ्या गावासाठी एक सामाईक विहीर पाडायचं ठरवलं, आणि विहीर कुठं पाडायची यावर इतकी भांडणं झाली की अखेर कुणीतरी म्हणालं, अरे, आपल्या गावातच पायाळू पोरगी असताना भांडता कावून? तिला चालू द्या. जिथं ती थांबंल तिथं खांदू. हे सगळ्यांना पटलं. आण्णांना तर सगळ्यात आधी पटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर सरू बोलत नव्हती. चपला बदलायची जागा आली तरी तिनं चपला काढल्या नाहीत. मी म्हटलं, काय झालं बोल. मग तिनं सांगितलं. आण्णांनी तिला बोलावून घेतलं होतं आणि त्यांच्या माळावरच्या शेतातली बाभळ दाखवली होती. तिथं थांबायचं. आण्णा म्हणाले, तिथं थांबलीस तर मॅट्रिकला मी स्वतः तुला बीडला नेतो, पुढं कॉलेजातबी घालतो. न्हाई थांबलीस तर पुस्तकं चुलीत, आणि उन्हाळ्यात लग्न. आष्टीकडचं स्थळ तयारच हाय. सामाईक विहीर त्यांच्या शेतात पडली म्हणजे उद्या पाऊसपाणी झाल्यावर ती कुणाची होणार, हे आम्हा दोघींना न सांगता कळत होतं.

मी लगेच म्हटलं, थांब की मग बाभळीपाशी. पाणी कुठंही असू शकतं, तिथंही असेल. तुझं काय जातंय? सरू म्हणाली की ती पहाटे एकटीच ओढ्यात जाऊन आली होती. अनवाणी. काही कळतंय का ते बघायला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, डोळे मिटून चालली, जीव पायात आणून चालली.

"मग?" मी विचारलं.

"काटा मोडला," ती म्हणाली. "आन काहीच न्हाई, शमे. माझ्या पायाला काहीच कळत न्हाई."

मी हसले. ती हसली नाही. ती म्हणाली, गाव माझ्या शब्दावर खांदायला लागलं आणि खाली नुसता खडक निघाला, तर लोक म्हणतील पायाळू थांबली तिथं न्हाई म्हंजे गावाच्या नशिबातच पाणी न्हाई. मग दुसरीकडं कुणी कुदळ मारणार न्हाई. मी तिला एवढंच म्हटलं की परीक्षा जवळ आलीय, तेवढी होऊ दे, खऱ्याखोट्याचं मग बघू. माझं वय तेव्हा असंच बोलायचं होतं, आणि मला ती शेजारच्या बाकावर हवी होती.

पाणी बघायच्या दिवशी मारुतीच्या पारापुढं सगळं गाव जमलं. हलगी वाजत होती. आमच्या गावाचा एक रिवाज होता, तो मला आजही फार मोठा वाटतो. पाणी बघायला निघणाऱ्याचे पाय आधी धुवायचे, आणि ते पाणी एका घरचं चालायचं नाही. घरटी वाटीभर गोळा करायचं. ज्या घरानं वाटी दिली नाही त्या घराला विहिरीचं पाणी लाभत नाही म्हणायचे. वरच्या आळीची वाटी, आमच्या घरची वाटी, वेशीबाहेरच्या वस्तीची वाटी, जिच्या घागरीला एरवी कुणी बोट लावून घेत नव्हतं. पायावर ओतायचं पाणी, त्याला विटाळ कसला? सगळं एका तांब्याच्या घागरीत पडायचं. टँकरपुढं भांडून, मैलभर डोक्यावर आणून, रांजणाच्या तळाशी जपलेलं पाणी बाया वाटीतून सांडू न देता आणत होत्या. अम्मीनं आमची वाटी माझ्या हातात दिली तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती. मी म्हटलं, अर्धी चालेल की. अम्मीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान चालू लागले. मी पाऊल मोजून टाकत पारापर्यंत गेले आणि ती वाटी घागरीत रिकामी केली. आत पाण्याचा बुडबुड असा बारीक आवाज झाला.

सरूला पाटावर उभी केली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. ती त्या लुगड्यात एकदम मोठ्या बाईसारखी दिसत होती आणि मला ओळख देत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक वाटीकडं ती बघत होती. तिच्या चुलतीनं घागर उचलली आणि पायावर तिरकी केली. तेवढ्यात सरू खाली वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी घागर धरून सरळ केली.

"ओतू नका," ती म्हणाली. "ह्या पायाला काही कळत न्हाई."

हलगीवाला अजून वाजवतच होता. त्याला कुणीतरी हात केला, तेव्हा तो थांबला. सरूनं ते पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला पाणी कळत न्हाई. कधीच कळलं न्हाई. मी ओढ्यात चालून बघितलंय. हे पाणी लई लांबून आणलंय तुमी, ते माझ्या पायावर घालू नका. मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्या, पुढारी पाहिले, माझा नवरा युनियनमध्ये होता. पण तहानलेल्या गावापुढं उभं राहून 'मला माहीत नाही' म्हणणारं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

गोजरआक्का म्हणून वरच्या आळीतली एक म्हातारी होती. ती पुढं सरकली आणि म्हणाली, मग माझी उसण गेली ती कशानं गेली गं? सरू म्हणाली, "ती तिची ती गेली असंल, आजी." मागं कुणीतरी हसलं. आण्णांना ते हसणं लागलं. ते म्हणाले की पोरगी उन्हानं भिरभिरलीय, पाय धुवा आणि चला माळाकडं. चुलतीनं पुन्हा घागर ओढली. आणि मग सरूनं जे केलं ते तिनं आधी ठरवलं होतं की तिथंच सुचलं, हे मी तिला पुढं कितीदा विचारलं. तिनं एकदाही सरळ सांगितलं नाही. तिनं घागर पोटाशी धरून तिरकी केली, एका हातात चुळकाभर पाणी घेतलं आणि ती ते प्याली.

सगळ्या घरांचं एकत्र झालेलं पाणी. बायांच्या तोंडाला पदर गेले. आण्णांचा खोकला अडकला. पायावर ओतलं तर पवित्र आणि तोंडात गेलं तर बाट, अशा मधल्या जागी ती पोरगी पाटावर उभी होती आणि तिच्या हनुवटीवरून थेंब गळत होते. मग गोजरआक्कानंच ओंजळ पुढं केली. "पायाला चालतंय तर तोंडाला कावून न्हाई? घाल," ती म्हणाली. सरूनं तिच्या ओंजळीत घातलं. मग वस्तीवरची एक बाई आली, मग मी गेले, मग बरेच जण आले. सगळेच आले असं नाही. काही जण पाठ फिरवून घरी गेले, त्यांच्यातल्या काहींनी पुढं कितीतरी दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. पण घागर रिकामी झाली. त्या पाण्याला तांब्याची कळक होती आणि ते कोमट होतं.

मग कुणीतरी विचारलं, अगं पण विहीर कुठं पाडायची ते तर सांग. सरू म्हणाली, "ते मला म्हाईत न्हाई. पण सामाईक विहीर गायरानात खांदा. न्हाई लागलं तर सगळ्यांचंच न्हाई लागलं." माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पुढच्या बैठकीत हात वर करायची वेळ आली तेव्हा गायरानाच्या बाजूनं इतके हात वर गेले की आण्णांनाही आपला करावा लागला. विहिरीला पाणी लागलं का, असं मला सगळे विचारतात. लागलं, पण बऱ्याच उशिरा, आणि गुडघाभरच. गाव ते वाटून प्यालं.

आण्णांनी मात्र बोलल्यासारखं केलं. सरूची शाळा बंद झाली. आष्टीकडच्या स्थळाला होकार गेला आणि लग्न नेमकं मॅट्रिकच्या आठवड्यात धरलं. तिला गायरानातल्या विहिरीवर कामाला घातलं, मुरुमाच्या पाट्या वाहायला. म्हणाले, तुलाच लई पुळका होता सामाईक विहिरीचा, घे आता. मी शाळेतून आले की थेट तिकडं जायचे. तिच्या बरोबरीनं पाटी उचलायचे आणि त्या दिवशी झालेला धडा तिला मोठ्यानं सांगायचे. वर येताना प्रमेय, खाली जाताना सनावळी. आमच्या मागंपुढं चालणाऱ्या बायांना काही दिवसांत काटकोन त्रिकोण तोंडपाठ झाला. एखादी चुकून सरळ उतरण सोडून आडवी चालली की दुसरी तिला म्हणायची, कर्णानं ये गं, जवळ पडतंय. आम्ही हसायचो. मी घरी आले की अम्मी माझ्या तळहातांना तेल लावायची. परीक्षेची सरूची रिसीट, जिच्याशिवाय पेपरला बसू देत नाहीत ती, मी हेडमास्तरांकडून मागून आणून ठेवली होती. का आणली ते मलाही सांगता आलं नसतं. तिला मी ती दाखवली नाही, दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बीडला निघायच्या सकाळी अब्बा मला चौसाळ्याच्या मोटारीपर्यंत सोडायला सायकलला हवा भरत होते. बीडला माझी खाला, अम्मीची बहीण, राहायची, तिच्या घरी राहून मी पेपर देणार होते. आमच्या शेडपुढं दादा येऊन उभे राहिले. मागं सरू, हातात कपड्यांचं गाठोडं, शाळेचा परकर-पोलका अंगात. दादांनी सवयीनं आधी जमिनीकडं बघितलं. मग मान वर केली आणि अब्बांना म्हणाले, "मिस्त्री, शमीमबरुबर हिलाबी न्या. मीबी येतो."

अब्बांनी पंप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, आण्णांना ठाऊक हाय का?

"सांगून आलोय, लगीनबी न्हाई म्हणून," दादा म्हणाले. "पोरगी सगळ्या गावापुढं खरं बोलली. तिचा बाप मी, मी किती दिस गप बसू?"

त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला, जरा जाडा, वापरात नसलेला. ते घर सोडून आले होते. थोरल्या भावाच्या वाड्यातून अंगावरच्या कपड्यानिशी निघाले होते. अम्मी दारात आली. तिनं मिलोच्या भाकऱ्या आणखी थापल्या आणि खट्ट्याचा डबा भरून दिला. मी आत जाऊन रिसीट आणली आणि सरूच्या हातात दिली. ती म्हणाली, "लई शानी हायेस तू." तिनं मला शाबासकी दिलेली मला तेवढी एकदाच आठवते.

बीडमध्ये दादा खालाच्या ओसरीवर झोपले, खालाच्या हातचं जेवले. पहिल्या दिवशी त्यांचा घास घशात अडकत होता, मग अडकायचा थांबला. रोज आमच्याबरोबर केंद्रापर्यंत चालत यायचे आणि पेपर सुटेपर्यंत फाटकासमोरच्या चहाच्या गाड्याजवळ उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. गणिताच्या दिवशी आम्ही बाहेर आलो तेव्हा ते तसेच उभे होते, पटका काखेत, डोकं उन्हात.

"लिवलं का समदं?" त्यांनी सरूला विचारलं.

"जेवढं येत होतं तेवढं लिवलं," सरू म्हणाली. "येत न्हवतं तिथं कोरं सोडलं."

मला तिचा असा राग आला. मी भर रस्त्यात तिला झापलं. अगं कोरं सोडतात का कधी? आकडेमोड करायची, काहीतरी लिहायचं, तपासणारा बघून एखादा मार्क टाकतो. मी तर पानंच्या पानं भरून आले होते, त्यातलं निम्मं मलाही कळलं नव्हतं. सरूनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हाईत न्हाई तर काय लिहू?" ती म्हणाली.

यावर दादा हसले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, सरूनंही बहुतेक पाहिलं नसावं, कारण ती दचकून त्यांच्याकडं बघायला लागली. ते हसत राहिले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पटक्यानं पुसून पुन्हा हसले. चहाच्या गाड्यावरचा माणूस इतके दिवस त्यांना मुकाट उभं असलेलं बघत होता. त्यानं विचारलं, काय पाव्हणं, पेपर लई चांगला गेला का पोरीचा?

"ते मला म्हाईत न्हाई," दादा म्हणाले. "पर ही माझी पोरगी हाय."